नानांचा टॅब पडवीत

"अगो, नानांकडे जाऊन आलीस ना काल? खुब्यात सळई, उजवा हात प्लास्टरात, आणि डोळे त्या टॅबात! नानी बिचारी कष्ट उपसतेय, नि हे बोटं फिरवतायत."

"काकी, गडग्यावरून अर्धंच दिसतं. बोटं फिरवतात ती डावी. त्या काचेला उघडं बोट लागतं, प्लास्टरने दाबून काही हलत नाही. अक्षरं केवढाली करून दिलीत मुलाने."

"हा सगळा त्या आंब्यावर चढायच्या हौसेचा प्रताप. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तो नूतन झेला काढला कशाला मग? खाली उभं राहून देठासकट आंबा उतरतो. पण नाही, सत्तरीत फांदीवर!"

"ते झालं. पण पडले नेमके हंगामात. गिऱ्हाईकांचे निरोप सगळे नानांच्या नावावर. लिहायचं कसं? तर बोलून. आपण मराठीत बोलायचं, ते टाइप होतं. गुगलने 2017 सालीच आणलंय म्हणे, आपल्याला कोण सांगतंय!"

"बरोब्बर लिहितं?"

"कुठलं! 'चार पेट्या पुण्याला पाठवतो' म्हणाले, तर 'चार बेट्या' गेलं. गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, नाना, लग्नं ठरली की काय!"

"हा हा! बाई गं."

"हसा, पण हिशेब चोख आहे. कोणाचे पैसे आले ते बघतात, विजेचं बिल भरतात. परवा सोसायटीच्या कर्जाला सातबारा हवा होता, तर खाटेवरून काढला. 15 रुपये, डिजिटल सहीचा. तलाठ्याकडे खेप नाही."

"मग ई-पीक पाहणीही खाटेवरून करतील!"

"ती नाही जमायची. तिथे बागेत उभं राहूनच फोटो लागतो. ती मुलगा करेल."

"पण काय गो, उताणं निजून धरतात कसा तो टॅब?"

"आधी छातीवर उभा धरायचे. झोप लागली की बदकन नाकावर! अर्धा किलोचं वजन ते. आता खाटेला चिमटा लावून वाकणाऱ्या दांड्याचा स्टँड बसवलाय. रत्नागिरीचा व्यायामवाला त्यावरच दिसतो. घोटा वर, घोटा खाली, पायात रक्त साकळू नये म्हणून. मध्येमध्ये गजर वाजतो, की नाना लागले घोटा हलवायला."

"आणि नानीचं काय?"

"तेच तर सांगतेय. आधी 'अगो पाणी, अगो चष्मा, अगो कोणाचा फोन' असं दिवसभर. बाई मोरीतसुद्धा निवांत नसायची. आता अर्ध्या हाका बंद. गुरुवारी भजनाला आली होती, बघितलंत ना? लागलंच काही, तर व्हिडीओ कॉल करतात."

"म्हणजे औषध नानांना, नि गुण नानीला!"

"अगदी. पण पुढचं ऐका. सगळं खाटेवर यायला लागलं, तसे नाना उठेनात. वॉकर कोपऱ्यात तसाच. व्यायामवाला म्हणाला, 'नानी, टॅब खाटेवरून काढा.' नानीने उचलला नि पडवीत टेबलावर ठेवला."

"चिडले असतील!"

"चिडले! दोन दिवस तोंड फिरवून निजले. तिसऱ्या दिवशी आंब्याचा भाव बघायचा होता. घेतला वॉकर, दात-ओठ खात गेले पडवीत. आता रोज जातात. पुढच्या आठवड्यात नानी तो ओट्यावर नेणार आहे. मुलगा बसतो धरायला, पण हात लावत नाही."

"नानी पक्की हो!"

"पक्की म्हणजे! गुण येईल तसा टॅब लांब, हा तिचा नेम."

"मग थांब, आमच्या ह्यांचा मोबाइल उद्यापासून मीही विहिरीवर ठेवते. ह्यांचं एक हाड मोडलेलं नाही, तरी झोपाळ्यावरून उठत नाहीत!"