कांय ना!

आमच्या नार्व्यात समुपदेशकांची टंचाई मुळीच नाही. दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसा, पलीकडचा धक्का येईपर्यंत तीन भेटतात. झोप लागत नाही म्हणा, 'लग्न करून टाक' हा सल्ला तयार. लग्न झालेले असेल तर 'एक मूल होऊ दे'. मूलही असेल तर 'दिष्ट काढून घे'. दिष्ट काढूनही डोळा लागत नसेल तर घाड्याचा पत्ता मिळतो, वर त्याच्याकडे कोणत्या वारी गर्दी कमी असते तेही कळते. फी एकच. तुमची झोप उडाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत मयेला पोचलेली असते.

श्रीसप्तकोटेश्वराचे मात्र मी मानतो. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचे देऊळ पुन्हा उभारायला लावले, तेव्हापासून साडेतीनशे वर्षे तो लोकांची गाऱ्हाणी ऐकतो आहे. मध्येच तोंड घालत नाही, 'आमच्या आतेभावाचेही अस्सेच झाले होते' म्हणत नाही आणि ऐकलेले बाहेर सांगत नाही. समुपदेशनाचे निम्मे नियम तो बिनचूक पाळतो. उरलेल्या निम्म्यांसाठी, म्हणजे उलट प्रश्न विचारायला आणि पुढच्या आठवड्यात 'ठरलेले केलेस का?' म्हणून जाब विचारायला, माणूस लागतो.

असा माणूस आमच्या डिचोली तालुक्याला २०१८ मध्ये फार लागला होता. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या. २०१२ च्या बंदीचा मार अजून अंगावर होताच. ट्रक अंगणात, हप्ता बँकेत, मालक सोप्यावर. बायको विचारते, "कितें जालां?" तो म्हणतो, "कांय ना." रात्री ताट सारतो तेव्हा पुन्हा "कांय ना". मग एक दिवस तो तिंट्यावर जायचा थांबतो, भजनाला जायचा थांबतो, आणि घरचे म्हणतात, आता तरी घरात असतो, बरे झाले. अर्थसाह्याच्या योजना आल्या तेव्हा ट्रकची कागदपत्रे झेरॉक्ससह तपासली गेली. चालवणाऱ्याला तपासायचा रकाना अर्जात नव्हता.

या 'कांय ना'वरचा उपाय तोवर तपासून झाला होता, आणि तोही गोव्यातच. 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून इथे काम करते. तिच्याशी जोडलेल्या डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'मानस' नावाचा प्रयोग केला. वैद्यकीची पार्श्वभूमी नसलेल्या इथल्याच पदवीधर बायकांना दोनेक महिने शिकवले आणि आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी होतेच. गरज पडली तर औषधही. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा खचलेल्या शंभरातले जवळपास ६६ जण सावरले. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांत हा आकडा ४२-४३ होता. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले, जगभर वाचले गेले. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडे फारसा फरक दिसला नाही. माझा अंदाज असा की तिथला जुना फॅमिली डॉक्टर 'तू अमक्याचा ना रे?' म्हणून आधीच दहा मिनिटे बोलत बसत असावा.

प्रयोग असा जगभर गेला; गोव्याची ही जुनी खोडच. चांगला माल निघाला की आधी बाहेर पाठवायचा. खनिज जपानला आणि चीनला गेले, खड्डे आपल्याकडे राहिले. कांदोळीचा आबे फारिया पॅरिसला गेला, आणि मोहनिद्रेची ताकद घालणाऱ्याच्या हातात नसून झोपणाऱ्याच्या मनात असते, हे त्याने १८१९ साली तिकडेच लिहिले. पणजीत त्याचा पुतळा आहे, एका बाईवर हात पसरून उभा. आपले लोक त्याच्याखाली फोटो काढतात, आणि तो भूत उतरवतो आहे अशी मुलांची समजूत करून देतात. आल्तिनोवरच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्याचेच नाव होते. आज ते काम बांबोळीला चालते, आणि 'बांबोळीला न्यायला हवा' ही आपल्याकडे अजून शिवी आहे.

तर समुपदेशक करतो तरी काय? संगाथच्याच पुढच्या प्रयोगात नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका होत्या. तिथे 'मन खंबीर कर' असे कोणी म्हणत नाही. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केले?' असे विचारतात. उठलो, चहा घेतला, सोप्यावर बसलो, जेवलो, सोप्यावर बसलो. पूर्वी काय करायचास? कुळागरात जायचो, पोफळींना पाणी लावायचो. मग मंगळवारी अर्धा तास कुळागर, असे कागदावर लिहितात. पुढच्या खेपेला तो कागद पुढे येतो. गेला नसेल तर रागावत नाहीत, काय आडवे आले ते विचारतात. दारू जास्त होणाऱ्यांसाठी वेगळा प्रयोग झाला, चार बैठकांपर्यंतचा. त्यात शपथा नव्हत्या. कुठल्या दिवशी, कोणाबरोबर, किती, एवढाच हिशोब. त्याचे यश नैराश्याच्या प्रयोगाएवढे नव्हते, हेही सांगून टाकतो. नाहीतर 'सहा बैठकांत संसार सुखी' अशी पाटी उद्या कुणीतरी लावायचा.

इतके साधे असेल तर आम्हीच करतो की, असे फेरीबोटवाले तिघे म्हणतील. जरूर करा. फक्त अर्धा तास सल्ला न देता बसून दाखवा, आणि घरी जाऊन बायकोला सांगू नका.

वाचकहो, पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात बीपी तपासायला जाल तेव्हा एक प्रश्न जास्तीचा विचारा: इथे समुपदेशक कोणत्या वारी बसतो, आणि त्याच्या खोलीला दार आहे का? उत्तर मिळाले नाही तर रविवारी ग्रामसभेत विचारा. तिथे पथदिवे आणि कचऱ्यावर अख्खी सकाळ जाते, पाच मिनिटे यालाही जाऊ द्या. तोवर सरकारचीच 'टेली-मानस' सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालू असते, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.