स्वारगेटला उतरले रे!

आमचं घर स्वारगेटच्या एसटी स्टँडपासून चालत बारा मिनिटांवर आहे. घर घेताना एजंटाने हा त्याचा फार मोठा गुण म्हणून सांगितला होता. साताऱ्याची, सांगलीची, कोल्हापूरची, सगळ्या गाड्या इथेच लागतात, पाहुण्यांची सोय होईल बघा, म्हणाला. झाली. पाहुण्यांचीच झाली.

"स्वारगेटला उतरले रे!" एवढं फोनवर ऐकू आलं की आमच्याकडे जो जिथे असेल तो तिथून धावत सुटतो. हातात बारा मिनिटं. एवढ्याशा अंतराला रिक्षावाले मान हलवतात, पण आडवी, त्यामुळे पाहुणा बहुतेक चालतच येतो. जेधे चौक ओलांडण्यात त्याची आणखी तीन मिनिटं जातात. पुण्याच्या रहदारीला मनापासून दुवा देणारा मी बहुधा एकटाच पुणेकर असेन.

शहाणे पाहुणे आधी कळवतात. माझा एक मामा खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरून फोन करायचा. देवमाणूस! तेवढ्या वेळात उशांचे अभ्रेसुद्धा बदलून व्हायचे. त्याच्या खालोखाल कात्रजवाले. यांचा फोन बोगदा ओलांडल्यावर येतो. तेवढ्यात झाडू-फरशी बसते, पण क्रम सांभाळावा लागतो. आधी जळमटं आणि पंखे, मग कपाटांवरची धूळ, मग केर, शेवटी ओलं फडकं. मी एकदा गडबडीत फरशी आधी पुसली आणि मग पंखा झटकला. ओल्या फरशीवर पंख्याची धूळ बसली की तिचा चिखल होतो आणि चालणाऱ्याची पावलं उमटतात. गौरी यायला अजून अवकाश होता, तरी आमच्या घरात दारापासून देवघरापर्यंत पावलं उठली होती.

मेट्रोने तर आमचा घातच केला. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. तोवर पिंपरीचा आतेभाऊ "निघालो" म्हणाला की आम्ही निवांत चहा प्यायचो, कारण शिवाजीनगरला तो हमखास अडकायचा. आता तो मंडईच्या खालून सरळ येतो. येतो तो येतो, वर घामही आलेला नसतो.

आणि मावशी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून साताऱ्याची मावशी 'सहज' येते. पूर्वी काही कार्य असलं तर यायची. हल्ली तुळशीबागेतून चहाचं गाळणं आणायला येते. आधी कळव म्हटलं तर म्हणते, "कशाला? उगाच तुमची धावपळ होते."

अशा वेळी कामाला येतो तो कात्रजचा घाट. १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली आणि पाठलागावरची फौज बैलांच्या शिंगांना बांधलेले पलिते बघून कात्रजच्या घाटाकडे धावली. महाराज तिकडे सिंहगडावर. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण घरकामात तिचा केवढा उपयोग आहे हे एकाही गुरुजींनी सांगितलं नाही. पाहुण्याची नजर म्हणजे ती फौज. तिने कुठे धावायचं ते आपण ठरवायचं. सगळं घर लख्ख करण्याच्या भानगडीत पडूच नये, दोन-तीन ठिकाणी पलिते पेटवावेत.

आमचा पहिला पलिता टीपॉयवर असतो. त्यावरचं झाडून सगळं उचलायचं आणि मधोमध फक्त तांब्याचं तांब्याभांडं ठेवायचं, चिंच-मीठ लावून घासलेलं. दोन मिनिटांत असं झळकतं की शेजारच्या सोफ्याला पडलेलं भोक कुणाला दिसत नाही. दुसरा बेसिनपाशी, कारण पाहुणा आल्या आल्या तिथेच जातो. नळावर टँकरच्या पाण्याचे पांढरे थर चढलेले असतात. लिंबू पिळून उरलेली फोड त्यावर चोळायची, आंबटाने ते क्षार विरघळतात. आरशाला ओलसर वर्तमानपत्र. माझा अनुभव असा, की अग्रलेखाचं पान उत्तम पुसतं, रंगीत पुरवणी नुसती घसरते. आणि गॅसवर आलं ठेचून चहा उकळत ठेवायचा, म्हणजे नाकाचाही बंदोबस्त होतो. उदबत्ती मात्र लावू नये. भर दुपारी उदबत्ती दिसली की मुरलेल्या बायकांना लगेच संशय येतो.

उरलेला सगळा ऐवज दिवाणात. बॉक्सचा दिवाण ज्याने काढला त्याचं नाव मला ठाऊक नाही, नाहीतर दसऱ्याला मी त्याला सोनं देऊन आलो असतो.

हे सगळं मुलीला पटत नाही. तिने मला मारी कोंडो नावाच्या जपानी बाईंची पद्धत समजावली. वस्तू हातात धरायची, हिच्यामुळे आनंद होतो का हे मनाला विचारायचं, नसेल होत तर आभार मानून निरोप द्यायचा. मी श्रीखंडाचा एक जुना प्लॅस्टिकचा डबा आईच्या हातात दिला आणि विचारलं, "आनंद होतो का?"

"त्यात मोहरी आहे," आई म्हणाली. "सांडू नकोस."

पुढे २०२३ साली त्या बाईंनीच सांगून टाकलं, की तिसऱ्या मुलानंतर आवराआवरीचा नाद आपण जवळजवळ सोडला आहे. तेव्हापासून आईला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

आमच्या घराची खरी हालत बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक आहे. रोज सकाळी ओला-सुका कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून पुण्यात दारोदार कचरा गोळा करते. कचऱ्यापुढे कात्रजचा घाट चालत नाही. ज्या दिवशी आमच्या सुक्या कचऱ्यात महिन्याभराचे कुरिअरचे खोके एकदम निघतात, त्या दिवशी ताई विचारतात, "काल साताऱ्याच्या मावशी आलेल्या काय?"

परवाही आली होती. फोन आला, तांब्या घासला, नळ चोळला. अकराव्या मिनिटाला दिवाणाची फळी उचलून मी सोफ्यावरचं सगळं एका हाताने आत लोटलं. दोरीवरून काढलेले कपडे, आठवड्याची वर्तमानपत्रं, मुलीची रॅकेट, लाइटची बिलं, कुकरची जुनी रिंग, फरसाणाची उघडी पिशवी. फळी टाकली, चादर ओढली, बेल वाजली.

मावशीने हातपाय धुतले. "नळ नवा बसवलात वाटतं," म्हणाली. तांब्यातलं पाणी प्यायली. मी मनाने सिंहगडावर पोचलो होतो. मग ती दिवाणावर टेकली आणि तिच्याखाली सनई वाजू लागली.

"अगंबाई! हे काय?"

मावशी पोचली का, हे विचारायला काकांनी साताऱ्याहून माझ्या मोबाइलवर फोन लावला होता आणि मोबाइल वर्तमानपत्रांबरोबर आत गेला होता. काका एका फोनवर थांबणारे नव्हेत. सनई थांबली, पुन्हा सुरू झाली. मी हवापाण्याचं काहीतरी बोलत राहिलो. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मावशी उठली, "सरक" म्हणाली आणि तिने स्वतःच फळी उचलली.

सगळ्यात वर माझा पांढरा शर्ट होता. खिशात शेव होती.

मावशीने रॅकेट बाजूला करून फोन शोधला आणि कानाला लावला. "हो, पोचले. हो, बरे आहेत सगळे. घर अगदी चकचकीत ठेवलंय हो." फोन माझ्या हातात देऊन ती दिवाणात वाकून बघत राहिली. कौतुकाने बघत होती, हे मला जरा उशिरा कळलं.

"हे बरं आहे रे, मावतं पुष्कळ," ती म्हणाली. "आमच्याकडे लोखंडी कपाट. तुमचा फोन आला की सगळं कोंबते आणि तुम्ही जाईपर्यंत काका दाराला पाठ लावून उभे असतात. त्यांना वाटतं, तुम्ही मुद्दाम तास तास बसता."

तर मंडळी, आमच्याकडे जरूर या. आल्याचा चहा मिळेल, तांब्याही चकचकीत असेल. फक्त फोन खेड शिवापूरवरून करा, आणि बसायला खुर्ची घ्या.