एकमेकांना जामीन

रात्रभर एसी लावून झोपणाऱ्या सद्गृहस्थाला महिनाअखेरीस हिशेब द्यावा लागतो तो पैशांचा. पाण्याचा हिशेब त्याला कुणी विचारत नाही. विचारायला हरकत नाही, कारण माप सरकारने ठरवून दिलेले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जुन्या औष्णिक वीजकेंद्रांना पाणी पिण्याची मर्यादा घालून दिली, ती हिशेब केला तर युनिटमागे साडेतीन लिटर पडते. वीज कोळशाची असेल, तर दहा युनिटांची गार झोप पस्तीस लिटरपर्यंत जाते, म्हणजे दोन हंडे. एसीच्या नळीतून टपकणारे पाणी बादलीत धरून ते तुळशीला घालणारी मंडळी आपण पृथ्वी वाचवली या समाधानात असतात. त्यांनी उरलेल्या दोन हंड्यांची चौकशी चंद्रपूरला किंवा परळीला करावी.

नव्या केंद्रांसाठी मर्यादा अडीच लिटरची होती. २०१८ मध्ये ती तीन करण्यात आली. तहान लागल्यावर विहीर खणतात असे ऐकून होतो. तहान लागल्यावर मापटे मोठे करायचे, ही सुधारणा दिल्लीची.

आता परळीचे ऐका. २०१५ चा तो नियम निघाला तेव्हा परळी वैजनाथचे ११३० मेगावॉटचे केंद्र पाण्यावाचून बंद पडलेले होते. ते जुलैतच थंडावले होते, आणि जुलै हा पंचांगाप्रमाणे पावसाळ्यात येतो. त्याआधी फेब्रुवारी २०१३ मध्येही हेच झाले होते. त्यामुळे नव्या नियमाचे देशात सर्वांत काटेकोर पालन परळीनेच केले, असे म्हणावे लागेल. पाणी शून्य लिटर, कारण युनिटेही शून्य. इतक्या आज्ञाधारक केंद्राचा कुणी सत्कार केल्याचे ऐकिवात नाही.

कोळशापासून वीज होते असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच खरे. कोळसा हे सरपण. चाक फिरवते ती वाफ, आणि त्या वाफेला पुन्हा थंड करायला लागते आणखी पाणी, जे त्या अवाढव्य मनोऱ्यांतून ढगासारखे उडून जाते. परळीला कोळसा लांबून रेल्वेने येतो. पाणी येते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून, आणि त्या बंधाऱ्याची मदार वर जायकवाडीवर. जायकवाडीची मदार नाशिक-नगरच्या धरणांवर, आणि त्या धरणांची मदार कोर्टाच्या तारखेवर. ज्या गावात कोळसा नाही आणि पाणी पाहुण्यासारखे येते, तिथे केंद्र उभारायला छाती लागते. ती आपल्याकडे १९७१ पासून आहे.

मराठवाड्यात पाणी नसणे आपण समजून घेतो. पण मार्च २०१६ मध्ये बंगालमधले फरक्क्याचे २१०० मेगावॉटचे केंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले, आणि ते चक्क गंगेच्या कालव्यावर आहे. गंगेत घोडे न्हाते म्हणतात. त्या वर्षी तेवढेही पाणी कालव्यात नव्हते.

पुढच्याच महिन्यात लातूरला पाण्याची रेल्वे आली. मार्चमध्ये तिथे पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लावलेले होते, म्हणजे घागर घेऊन पाचाहून जास्त जणांनी एकत्र येणे बेकायदा. मग कोट्याहून वाघिणी मागवल्या. त्या तिथल्या कारखान्यात वाफेने धुऊन काढल्या होत्या. मिरजेला कृष्णेचे पाणी भरले, आणि पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन सव्वातीनशे किलोमीटरच्या वर प्रवास करून लातूरला लागली. नाव छान होते, ‘जलदूत’. दूत निरोप सांगून जातो तशी ही गाडी निरोप सांगून गेली, आणि मागाहून रेल्वेने जिल्हा प्रशासनाकडे सुमारे चार कोटींचे बिल पाठवले. दूताने भत्ता मागणे रीतीला धरून आहे.

या सगळ्यात चूक कुणाची, हे शोधायला मी बसलो आणि लक्षात आले की इथे चूक कुणाचीच होऊ शकत नाही, अशी पक्की व्यवस्था आहे. ती समजायला गावची पतसंस्था आठवावी. सखाराम तुकारामाला जामीन राहतो आणि तुकाराम सखारामाला. दोघेही थकले की वसुलीवाला सखारामाकडे जातो. तो म्हणतो, तुकारामाला विचारा. तुकाराम म्हणतो, सखाराम आहे ना जामीन! आपल्याकडे पाणी विजेला जामीन आहे, वीज पाण्याला. पंप बंद का? वीज नाही. वीज का नाही? पाणी नाही. आणि गंमत पुढेच आहे: दोघांनी तारण म्हणून दाखवलेला सातबारा एकच आहे आणि तो पावसाच्या नावावर आहे.

या जामीनकीचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे कोयना. १०५ टीएमसीचे धरण, १९६० मेगावॉटची वीज. धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला न्यायचे, कोकणात खाली सोडायचे, चाके फिरवायची आणि वासिष्ठीतून चिपळूणकडे व तिथून समुद्राला वाट करून द्यायची. पश्चिमेला किती सोडायचे यावर कृष्णा लवादाची मर्यादा आहे, ६७.५ टीएमसी. उरलेले पूर्वेला, कृष्णेच्या खोऱ्यात. पूर्वेला जाताना पायथ्याच्या छोट्या वीजगृहात ते ४० मेगावॉटपर्यंत वीज देते. पश्चिमेला तेच पाणी पराक्रमी, पूर्वेला कारकून.

पण पूर्वेला सांगली आहे, आणि सांगलीच्याही पूर्वेला आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. तिथे पाणी जाते ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी. उपसा म्हणजे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवायचे, एका माळावरून पुढच्या माळावर. पंपांना वीज लागते. बिल इतके येते की त्यातले ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे असा तह करावा लागला. आता कोडे असे. पंप चालवायला वीज हवी, तर कोयनेचे पाणी पश्चिमेला सोडा. पण पश्चिमेला सोडले तर कृष्णेत पाणी उरत नाही, मग पंप चालवून उपसायचे काय? कृष्णेत सोडले तर पाणी आहे, पण संध्याकाळी सहाला सगळा महाराष्ट्र दिवे लावतो तेव्हा वीज कमी पडते. एकाच थेंबाने डोंगर उतरून वीज करावी आणि त्याच विजेने माळ चढून ज्वारी भिजवावी, अशी आपली अपेक्षा आहे. थेंबाने अजून तरी राजीनामा दिलेला नाही.

पाऊस ठरल्याप्रमाणे पडत होता तोवर हे कोडे फायलीत झाकून राहिले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मग शरदात सांगलीकर ‘नदीत पाणी सोडा’ म्हणून ओरडू लागले. जत तालुक्यातली काही गावे तर पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जातो असे अधूनमधून सांगतच असतात; सीमावादाचा तेवढाच ओला भाग.

कमी पाऊस हा अर्धाच प्रश्न आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते, असे भौतिकशास्त्र सांगते. म्हणजे ढग जास्त दिवस साठवून ठेवतो आणि एकदम रिचवतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला. सोलापुरात वर्षभरात साधारण एवढाच पडतो. त्याच दिवशी चिपळूण बुडाले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होते. तेव्हा कोल्हापुरात एक विलक्षण दृश्य होते: गल्लीत कमरेइतके पाणी आणि नळाला थेंब नाही. नदीकाठची उपसा केंद्रेच बुडाली होती. पंप पाण्याखाली, वीज बंद. महापुरात पिण्याचे पाणी टँकरने आले.

इथे थोडे थांबावे असे मला वाटते. दुष्काळात टँकर, पुरातही टँकर. हवामान बदलाशी जुळवून घ्यायचे म्हणून जगभर परिषदा चालू आहेत, अहवाल छापले जातात. आमच्याकडे ती गोष्ट केव्हाच साधलेली आहे. तिला चार चाके आहेत, मागे गळकी तोटी आहे आणि पुढे काचेवर आमदारसाहेबांचा फोटो आहे. धरण भरो न भरो, हिचे वेळापत्रक चुकत नाही. उगाच कशाला समुद्राच्या पातळ्या मोजायच्या?

‘मग सौरऊर्जा आहे ना!’ असे कुणी म्हणेल. आहे, आणि ती खरोखर चांगली आहे, हे मी चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. सौरपट्ट्यांना धुण्यापुरतेच पाणी लागते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही तर दानधर्माची नव्हे, माणुसकीची बाब आहे. आठवड्यातले तीन-चार दिवस रात्रीचा थ्री फेज, मग अंधारात बांधावर स्टार्टर दाबायला जायचे, पायाखाली साप आणि उसात बिबट्या, हे ज्याने भोगले आहे त्याला दिवसाच्या विजेचा अर्थ कुणी समजावून सांगू नये. पण आमची योजना आहे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. मागेल त्याला पाणी, अशी योजना कुठल्याही सरकारने अजून काढलेली नाही, आणि काढणारही नाही, कारण ते पॅनेलसारखे निविदा काढून मागवता येत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत झाली. पंपाची वीज फुकट, सूर्य फुकट, बोअर मात्र दरवर्षी पन्नास फूट खाली. पूर्वी लोडशेडिंग होते तेव्हा विहिरीला थोडी तरी विश्रांती मिळायची. महावितरणने नकळत जलसंधारणाचे केवढे मोठे काम केले होते, हे आता कळते.

शिवाय सूर्य मावळतो. आणि तापतोही जास्त: पट्टी जितकी तापते तितकी तिची वीज घटते. दुपारी बेचाळीस अंशाला सगळे एसी लावतात, तेव्हा तारा आणि डीप्या तापून त्यांचीही ताकद उतरलेली असते. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली, तो विक्रम होता. वर्तमानपत्रांनी तो शतक ठोकल्यासारखा छापला. २०२२ च्या उन्हाळ्यात तर कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी करून द्यायला प्रवासी गाड्या रद्द केल्या होत्या. गरम होते म्हणून कोळसा जाळायचा, कोळसा जाळला म्हणून गरम होते. मामाच्या गावाला जायची गाडी मात्र रद्द.

आता यावर उपाय म्हणून सह्याद्रीत उदंचन प्रकल्प येत आहेत. घाटघरला २५० मेगावॉटचा एक आधीपासून आहेच. दुपारच्या जादा विजेने खालचे पाणी वर चढवायचे, संध्याकाळी वरचे खाली सोडून वीज घ्यायची. कल्पना हुशारीची आहे, विजेची बॅटरीच ती. फक्त दोन्ही तळी आधी भरावी लागतात, आणि ती भरायला पुन्हा तोच सातबारा लागतो.

या सर्वांचा समन्वय व्हावा म्हणून आपले राज्य स्वस्थ बसलेले नाही. २०२० मध्ये पर्यावरण विभागाचे नाव बदलून ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ करण्यात आले. वातावरण बदलले, विभागही बदलला. आता दोघांत कुणी मागे राहिले असे म्हणता येणार नाही. मी एक समन्वय बैठक मनात आणून पाहतो. ऊर्जेचे साहेब म्हणतात, आम्हाला पाण्याची हमी द्या. जलसंपदेचे साहेब म्हणतात, आधी उपसा योजनांचे वीजबिल माफ करा. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणतात, पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे, आणि समोरची बाटली उघडतात. सोलापूरचे प्रतिनिधी उठून मुळशीचा विषय काढतात: भीमेच्या खोऱ्यातले पाणी टाटांच्या धरणांतून कोकणात उतरवून मुंबईला वीज केली जाते, ते आमच्या उजनीला द्या. मुळशीचा विषय निघाला की सगळे थोडे गंभीर होतात, कारण सेनापती बापटांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह १९२१ मध्ये केला होता आणि धरण तरीही झाले. शंभर वर्षे जुनी फाईल उघडायची तर शिपायाला धूळ झटकायला पाणी लागेल, म्हणून विषय पुढच्या बैठकीवर.

उजनीचा हिशेब तर लेखापरीक्षकाला वेडा करील. ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त साठा कागदोपत्री मृत आहे, म्हणून उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जाते आणि आपण मृतसाठ्यावर जिवंत राहतो. २०२४ च्या जूनमध्ये ते उणे साठ टक्क्यांच्या घरात गेले होते. मग पाऊस आला, ‘उजनी प्लसमध्ये!’ असे मथळे आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्के भरली, दरवाजे उघडले, आणि पंढरपूरला चंद्रभागेच्या काठच्या लोकांना सामान उचलायला सांगितले गेले. उणे साठ ते शंभर, दोन-अडीच महिन्यांत. एखाद्या पतसंस्थेच्या खात्यात अशी उलाढाल झाली असती तर सहकार खात्याने प्रशासक नेमला असता.

समन्वय बैठकीचे इतिवृत्त मी माझ्या परीने पूर्ण करून ठेवले आहे. ठराव एक, टँकरांच्या संख्येत पंचवीस टक्के वाढ. ठराव दोन, सर्व खात्यांनी एकमेकांना दिलेल्या हमीची मुदत पुढील पाच वर्षांसाठी वाढवण्यात येत आहे. ठराव तीन, पाऊस यापुढे वेळेवर, समान हप्त्यांत, धरणांच्या वरच्या अंगालाच आणि शक्यतो कार्यालयीन वेळेत पडेल असे पाहावे, याबाबत हवामान खात्याला पत्र द्यावे. प्रत माहितीसाठी: उजनी, कोयना, जायकवाडी.