फ्रेंचांच्या मैदानावरचा वऱ्हाडी

30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी-अंजनगाव येथे दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात जो तह झाला, त्यातील एका कलमान्वये इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या फ्रेंचांना शिंद्यांनी चाकरीत ठेवू नये असे ठरले; अंजनगावच्या पोरांनी फ्रेंचांकडे शिकायला जाऊ नये, असे कलम घालणे मात्र इंग्रजांच्या वतीने तह करणाऱ्या वेलस्लीला सुचले नाही. त्यामुळे पानमळ्यांच्या आणि पानपिंपरीच्या, म्हणजे मिरीच्या कुळातील एका औषधी वेलीच्या, या गावातून फ्रान्सला गेलेला विद्यार्थी हा नमुना आज अभ्यासकांना उपलब्ध आहे.

या नमुन्याचे मूळ स्थान मैदान नसून मैदानाच्या कडेचा पार होय. तो खेळत नाही, त्याला खेळातले कळते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची आणि मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली, हा इतिहास तो कोणत्याही परदेशी माणसाला तपशीलवार सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा समज त्या पथकात याचे आजोबा तरी असावेत असा झाला, तर तो समज दूर करण्याची घाई करीत नाही.

फ्रान्समध्ये त्याची पंचाईत अशी होते की तेथे पार नाही. बहुतेक विद्यापीठांत ‘सुआप्स’ नावाचा क्रीडाविभाग असतो, विद्यापीठांच्या आपसांतील सामन्यांसाठी गुरुवारची दुपार मोकळी ठेवण्याची जुनी प्रथा आहे, आणि प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याकडून जी सुमारे 100 युरोंची वार्षिक वर्गणी घेतली जाते, तिचा काही भाग खेळांवर खर्च होतो. खेळायला लावणाऱ्या या तीन कारणांपैकी वऱ्हाडी मनावर परिणाम होतो तो तिसऱ्याचा. पैसे आधीच भरले आहेत हे कळताच तो त्याच संध्याकाळी बॅडमिंटनला नाव नोंदवतो, घरी फोनवर माय विचारते, “तिकडं शिकाले गेला का खेयाले?” आणि तो फी वसूल करीत असल्याचे सांगून तिला गप्प करतो.

नाव नोंदवणे आणि खेळणे यांच्यामध्ये मात्र कागदांचा एक डोंगर असतो. गावातला क्लबसुद्धा तेथे बहुधा 1901 च्या संस्थाविषयक कायद्याखाली नोंदलेला असतो, म्हणजे त्याला अध्यक्ष असतो, खजिनदार असतो आणि वार्षिक सभाही असते. खेळाडूकडून अर्ज, फोटो, विम्याचा कागद आणि डॉक्टरचा दाखला किंवा प्रकृतीची प्रश्नावली मागितली जाते. चड्डी वर खोचली की कबड्डी सुरू, अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला आपले हृदय चालू असल्याचे लेखी कळवावे लागते. पुढे मैदानावर पोचल्यावर आधीच आलेल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करावे लागते. उशिरा येणाऱ्याचा तेवढ्यातच निम्मा व्यायाम होतो, आणि आपला विद्यार्थी उशिराच येतो.

पुढे तो रग्बीतही शिरतो. तेथे ज्याला ‘तिसरा अर्ध’ म्हणतात, म्हणजे सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकत्र बसून खाणेपिणे, तो प्रकार त्याला खेळाचा सर्वांत शास्त्रशुद्ध भाग वाटतो. मांसाच्या थाळ्या फिरत असताना तो पाव आणि चीज घेऊन बसतो, खिशातून तिखटाची पुडी काढतो, आणि शेजारच्या दांडगट खेळाडूने कुतूहलाने ती चाखली की संघात त्याचे स्थान कायम होते. नुकतेच आपल्यावर तीन जण पडले होते, हे त्या वेळी त्याच्या लक्षातही नसते.

त्याच्या प्रतिभेला खरे क्षेत्र मिळते ते पेटांकमध्ये. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्सेयजवळच्या ला सिओता गावी जन्मलेल्या या खेळात सहा ते दहा मीटरवर टाकलेल्या लाकडी गोळीच्या जवळ पोलादी गोळे फेकायचे असतात. पळायचे काही नसते आणि कोणाचा गोळा अधिक जवळ यावर भांडायचे बरेच असते. गोट्यांवर वाढलेला हा माणूस तेथे निवृत्त म्हाताऱ्यांच्या टोळक्यात सहज सामावतो. ते गुडघे टेकून मोजपट्टी लावू लागतात, आणि हा मागे हात बांधून उभा राहतो. निर्णय आपल्या बाजूने आला तर नजरेलाच दिसत होते असे तो म्हणतो. विरुद्ध गेला तर पट्टी ढिली धरली होती हे सिद्ध करू लागतो, आणि भाषेच्या वर्गात चार वाक्यांपुढे न सरकणारे त्याचे फ्रेंच मग दिवे लागेपर्यंत आटोपत नाही.