दशाननाचा जमाखर्च

देवांना भूतलावर आणावयास जप, तप आणि पूर्वसंचित लागते असे शास्त्रकार म्हणतात. परंतु काशीक्षेत्री ब्रह्माघाटाच्या आसऱ्याने राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचा अनुभव असा की, बांबूच्या कांबी, पुठ्ठा, बेगड, सुतळी आणि पातेलेभर खळ एवढ्या सामग्रीवर ते निमूटपणे येतात आणि गणेशोत्सवाच्या नाटकाचा पडदा पडेपर्यंत कुरकूर न करता उभेही राहतात. सरंजामाचा हट्ट धरतात ते राक्षस.

देवांचे काम एका मुकुटावर भागते. गंगेपलीकडे रामनगरला महिनाभर चालणाऱ्या रामलीलेत, जेथे विजेच्या दिव्यांना आणि ध्वनिक्षेपकाला आजतागायत मज्जाव आहे, कालपर्यंत गल्लीत गोट्या खेळणारी मुले मुकुट मस्तकी चढताच 'स्वरूप' होतात आणि हत्तीवरून आलेले काशीनरेशही त्यांच्यापुढे हात जोडतात. तुळशीघाटावर कार्तिकात कदंबाची एक फांदी रोवली की गंगेची यमुना होते, आणि पाण्यातल्या कालियाच्या फण्यावर एक पोर बासरी धरून उभे राहिले की होड्याच होड्या भरून आलेली माणसे जयघोष करतात. अशा नगरीत आमच्या रामाचा मुकुट कुंजगलीतल्या साडीच्या खोक्यापासून उत्पन्न झाला, यात कमीपणा कसला?

वस्त्रांची गोष्ट मात्र निराळी. बनारसी शालूच्या गावात राहून रावणाला शेला मिळू नये, हे परक्याला खरे वाटणार नाही. पण खऱ्या जरीचा शालू फाटला तरी मरत नाही. जुनी जर तोलून घेणारा फेरीवाला गल्लीतून हाक देत जातो, ते कापड पुढे जाळले जाते आणि राखेतून चांदी निघते. म्हणजे गृहिणीच्या हिशेबी जीर्ण शालू ही चिंधी नसून ठेव असते. आमच्या आजीपुढे यासंबंधीची दरखास्त ठेवली तेव्हा तिने जपमाळ न थांबवता निकाल दिला, "रावणाला शालू? त्याची लंका सोन्याची होती ना? तिथून आणा म्हणावं."

दुसरा मार्ग एका उत्साही बालनटाने शोधला. लाल-सोनेरी, झगझगीत, जवळजवळ कोरे असे वस्त्र त्याने एके संध्याकाळी विनामूल्य पैदा करून आणले. सर्वांनी ते हाताळले, पोत वाखाणला, उजेडात धरून पाहिले. आणि मग कोणीतरी ते कोठून आणले असे विचारताच त्या निरागस बालकाने मणिकर्णिकेच्या दिशेने बोट केले. त्यानंतरचा सारा वेळ त्याला, त्या वस्त्राला आणि पोत वाखाणणाऱ्या समस्त रसिकांना सचैल स्नान घडविण्यात गेला. शेवटी शेला झाला तो दिवाणखान्याच्या जुन्या पडद्याचा, आणि काठाला शिंप्याकडच्या कतरणी.

सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले तेव्हा त्यांच्यामागे चिंतामणराव पटवर्धनांचा दरबार होता. आमच्यामागे आमचे खजिनदार होते. पावतीवाचून पै सुटणार नाही, हे त्यांचे ब्रीद. विश्वामित्राच्या दाढीस लागणारा ताग त्यांनी मंजूर केला, कारण उत्सवानंतर त्याची दोरी वळता येते. रावणाचा तक्ता पाहून मात्र त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तोंडं दहा कशाला? बोलायचं तर एकाच तोंडानं ना?"

वाल्मीकींचा दाखला दिल्यावर त्यांनी हरकत मागे घेतली, परंतु भूमितीने ती पुढे चालविली. दशाननाचे एक मस्तक नटाचे स्वतःचे; उरली नऊ, आणि नऊ ही संख्या दोन खांद्यांवर सारखी वाटता येत नाही. उजवीकडे पाच, डावीकडे चार अशी मांडणी होताच आमचा लंकाधिपती रंगीत तालमीला उजव्या अंगाने असा कलू लागला की, जनकाच्या सभेत तो धनुष्य उचलावयास आला आहे की ज्योतिषाला हात दाखवावयास, ते कळेना. अखेर मेट्रिक मापे आल्यापासून घरात बेकार पडलेले अच्छेराचे वजन डाव्या बाजूच्या शेवटच्या मस्तकात सुतळीने बांधून साम्राज्याचा तोल सावरला.

त्यातले एक मस्तक विशेष लोकप्रिय ठरले. पुठ्ठा कोणत्या दुकानातून आला याची चौकशी कोणी केली नव्हती, आणि दोन हात दिले तरी रंग पातळच बसला होता. त्यामुळे प्रयोगात बत्तीचा उजेड पडताच त्या मस्तकाच्या कपाळी ठळक देवनागरीत 'उधार बंद' ही पाटी उमटली. रावणाने शिवधनुष्य मागितले त्याच क्षणी ती दिसल्यामुळे प्रेक्षकांना तो नाटककाराचाच कोटिक्रम वाटला, आणि टाळ्या जनकाने घेतल्या.

अनंत चतुर्दशीस आमचे गणराय निघाले, आणि त्याच दिवशी पलीकडे रामलीला सुरू झाली. शेजारच्या मोहल्ल्यातही छोटी लीला होते. तिचे चालक दुसऱ्याच दिवशी हात जोडून दारात उभे राहिले. "गुरुजी, दशहरे तक रावण के सिर दे दीजिए, किराया बाद में दे देंगे." खजिनदारांनी वही उघडली आणि मोडीवळणाच्या अक्षरात नोंद केली : रावणाची शिरे, नग नऊ, अच्छेराच्या वजनासह; पैकी एक 'उधार बंद' असे लिहिलेले, उधार दिले.