मुंगीला दावणीला बांधू नका

मुंगी आभाळात झेप घेते आणि सूर्य गिळून टाकते. वांझ बाई लेकराची आई होते. पाताळात उतरलेल्या विंचवाला खुद्द शेष वाकून नमस्कार करतो. माशीच्या पोटी घार जन्मते. मुक्ताईचा हा कूट अभंग महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, आणि त्याची उकल करणारे तर गल्लोगल्ली. मुंगी म्हणजे जीव, सूर्य म्हणजे ब्रह्म, वांझ म्हणजे माया. झाला अर्थ, पुढचा अभंग घ्या!

या घाईला माझा विरोध आहे.

अभंगाच्या शेवटी मुक्ताई हे सगळं बघून हसते. निरूपणात नेमकं ते हसू गळतं. जीव, ब्रह्म, माया यांची वाटणी झाली की हसायला जागाच उरत नाही.

कुणी म्हणेल, कोडं घातलं ते सोडवण्यासाठीच ना? मग आपल्या नेवाशाकडे बघा. शके 1212, म्हणजे 1290 साली, प्रवरेकाठी पैस खांबाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. परंपरेने धरलेलं जन्मसाल मानलं तर मुक्ताई तेव्हा अकरा वर्षांची. गीतेच्या 700 श्लोकांवर तिच्या भावाने नऊ हजार ओव्या सांगितल्या. अर्थ उलगडायचा तेव्हा या घराने हात आखडला नाही. पैठणच्या एकनाथांनीही विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे कामक्रोध हे स्वतःच सांगून टाकलं. मुक्ताईने मुंगीची फोड केली नाही, ती करता येत नव्हती म्हणून नव्हे. तिला ती करायची नव्हती.

असाच वाद एका रॉक गाण्यावर पन्नास वर्षं चालू आहे, आणि त्याचाही धागा महाराष्ट्रात येतो. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. 1975 साली क्वीन बँडचं त्याचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. आईपाशी खुनाची कबुली देणारा पोरगा, मधेच ऑपेरा, त्यात गॅलिलिओ, बिस्मिल्ला, सैतान. त्या ऑपेराच्या तुकड्यासाठी आवाजावर आवाज इतक्यांदा चढवले की टेप झिजून आरपार दिसायला लागली, असं बँडवाले सांगतात. एवढी मेहनत घेणाऱ्याला अर्थाची दोन वाक्यं जड नव्हती. ऐका, विचार करा, तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच तो म्हणाला.

त्याच्यामागे लोकांनी ठरवलंच. इराणमध्ये 2004 साली क्वीनची गाणी अधिकृतपणे विकायला आली, तेव्हा सोबत अर्थ सांगणारं पत्रक होतं. तरुणाच्या हातून चुकून खून झाला, त्याने आत्मा सैतानाला विकला, शिक्षेच्या आदल्या रात्री देवाचं नाव घेतलं आणि आत्मा परत मिळवला. सरळ, सोज्ज्वळ, आणि गाण्याचा जीव घेणारं. आपली जीव-ब्रह्म-माया याच पत्रकाच्या जातीची आहे.

कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती आहे. हा अभंग घ्याल तेव्हा आधी टाळमृदंगावर तो सलग म्हणा. शेवटच्या चरणावर थांबा, समोर बसलेल्या पोरांना मनसोक्त हसू द्या. जीव-ब्रह्म नंतर सांगा, आणि सांगाल तेव्हा असाही एक अर्थ लावतात, एवढं म्हणून सांगा.