अर्धी शिकवण

व्हॅटिकनने 18 डिसेंबर 2023 रोजी एक पत्रक काढलं. 'फिदुचिया सुप्लिकान्स' हे त्याचं नाव. समलिंगी जोडपं फादरकडे आलं आणि त्याने आशीर्वाद मागितला तर द्यायला हरकत नाही, असं त्यात म्हटलं होतं. मात्र तो लग्न म्हणून नको, विधी म्हणून नको आणि लग्नाच्या कपड्यांत तर नकोच. लगेच जानेवारीत खुलासाही आला की हा आशीर्वाद फार तर दहा-पंधरा सेकंदांचा असावा.

त्या पंधरा सेकंदांनी जगभरचं कॅथोलिक चर्च हादरलं.

आफ्रिकेतल्या बिशपांनी एकत्र येऊन कळवलं की आमच्याकडे हे होणार नाही. युरोपातल्या अनेकांना तेवढं पुरेसं वाटलं नाही. कार्डिनल कार्डिनलांवर तुटून पडले. आणि खंडवा धर्मप्रांतातल्या आमच्या बुऱ्हाणपुरात?

इथे कुणी चकार शब्द काढल्याचं ऐकू आलं नाही.

वाचक म्हणेल, बुऱ्हाणपुरात ख्रिस्ती घरं ती किती! अख्ख्या मध्य प्रदेशात 2011च्या जनगणनेत ख्रिस्ती अर्धा टक्कासुद्धा नव्हते. रोमच्या भांडणाशी आपलं काय देणंघेणं? आहे देणंघेणं. समलिंगी मूल आईबापाचा धर्म, जात आणि जिल्हा विचारून जन्माला येत नाही. ते मुंबईच्या वांद्र्यात जन्मतं तसं तापीकाठच्या आपल्या गल्लीतही जन्मतं. फरक एवढाच की वांद्र्यात त्याला बोलायला कुणीतरी सापडतं.

आता मुद्द्याची गोष्ट. 'सगळ्यांचं स्वागत करा, पण शिकवण सोडू नका' असा चर्चमधला वाद आहे. पोप लिओ यांनीही 2025च्या मुलाखतीत हेच सांगितलं. बोलावणं सगळ्यांना आहे, पण शिकवण नजीकच्या काळात बदलेल असं त्यांना वाटत नाही. ठीक आहे. मग ही शिकवण आहे तरी काय, हे कुणी उघडून बघतं का?

कॅटेकिझम हा चर्चच्या शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ आहे. त्यात या विषयावर तीन परिच्छेद आहेत, 2357 ते 2359. पहिल्यात समलिंगी संबंध मुळातच विपरीत ठरवले आहेत. दुसऱ्यात म्हटलंय की या माणसांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारा, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव होता कामा नये. तिसऱ्यात त्यांना ब्रह्मचर्य पाळायला सांगितलंय.

पहिला परिच्छेद सगळ्यांना पाठ आहे, तिसरा लागेल तेव्हा आठवतो. दुसरा कुणी कधी वेदीवरून वाचून दाखवलाय?

'शिकवण सोडू नका' म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हाच आहे. 2358 हीसुद्धा शिकवणच आहे ना? ती सोडली तर चालते?

या बाबतीत मुंबईने एकदा देशाला वाट दाखवली होती. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा जिवंत केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये ज्यांना गुन्हेगारीच्या शिक्क्यातून सोडवलं होतं, ती माणसं एका सकाळीत पुन्हा गुन्हेगार झाली. दिल्लीच्या निकालाविरुद्ध अपिलात कोण गेलं होतं? मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, काही ख्रिस्ती संघटना होत्या, हिंदू परंपरेचा दाखला देणारेही होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे इथे एका बाकावर बसले.

त्याच आठवड्यात मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस बोलले. समलिंगी माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही, त्यांना गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याची बाजू चर्चने घेतलेली नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. समलिंगी लग्नाला विरोध आहे, हेही त्याच दमात सांगितलं. तेव्हा ते भारतातल्या कॅथोलिक बिशपांच्या परिषदेचे अध्यक्ष होते. देशातल्या बड्या धर्मनेत्यांमध्ये असं बोलणारं दुसरं कोण होतं ते आठवून बघा.

पोप फ्रान्सिस यांनी 'समलिंगी असणं हा गुन्हा नाही' असं एका वृत्तसंस्थेला 2023च्या जानेवारीत सांगितलं. ग्रेशियस नऊ वर्षं आधी बोलून गेले होते.

मग ते वाक्य मुंबईहून खंडव्यापर्यंत का पोचलं नाही?

याला एक कारण आहे आणि ते मी नाकारणार नाही. मध्य प्रदेशातलं चर्च सध्या दबकून जगतं. इथे धर्मांतराविरुद्धचा कायदा 1968 पासून आहे. 2021च्या नव्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. प्रार्थनेला चार माणसं जमली तरी कुणीतरी दारात येऊन उभं राहील ही धास्ती असते. ज्या समाजावर बाहेरून नजर रोखलेली असते तो घरातले प्रश्न झाकून ठेवतो. आधीच आपल्यावर बोट रोखलंय, त्यात आणखी हे कशाला, असं त्याला वाटतं. ही भीती खरी आहे, तिची चेष्टा कुणी करू नये.

पण त्या झाकणाखाली एक पोरगा गुदमरतोय, त्याचं काय?

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकू. ते म्हणतात, लग्न स्त्री-पुरुषाचंच असं चर्च दोन हजार वर्षं सांगत आलंय, आज आशीर्वाद दिला तर उद्या लग्नही लावाल. सुसंगतीचा मुद्दा आहे. मी तो हसण्यावारी नेणार नाही. उलट म्हणतो, सुसंगतीच पाहिजे ना? चला, पुरती पाळू.

त्याच कॅटेकिझममध्ये थोडं पुढे, 2370 क्रमांकाखाली, संततिनियमनाची कृत्रिम साधनं मुळातच वाईट ठरवली आहेत. 1968 साली पोप सहावे पॉल यांनी तशी बंदी ठणकावून सांगितली. आज वसईपासून मडगावपर्यंत कॅथोलिक घरांत मुलं किती दिसतात? दोन, फार तर तीन. कम्युनियनच्या रांगेत उभ्या असलेल्या जोडप्याला फादर विचारतात का, की बाबांनो, हे कसं जमवलंत?

विचारत नाहीत आणि ते बरोबरच करतात. तिथे माणसाची सद्सद्विवेकबुद्धी, त्याच्या घरची परिस्थिती, देवाची दया हे सगळं आठवतं. मग समलिंगी माणूस रांगेत आला की तेवढंच का विसरतं?

नवी मोटरसायकल चर्चच्या आवारात आणली की फादर तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. तिच्यावरून कोण कुणाला घेऊन फिरणार, याची चौकशी होत नाही. लोखंडाला बिनशर्त मिळतो तो आशीर्वाद माणसाला मिळायचा तर सेकंद मोजायचे?

ब्रह्मचर्याचंही तसंच. फादर ब्रह्मचारी राहतात, मान्य. पण त्यांनी ते निवडलेलं असतं. सेमिनरीत वर्षानुवर्षं तयारी केलेली असते. पुढे त्यांना राहायला घर मिळतं, हाताला काम, म्हातारपणी सांभाळणारी माणसं आणि समाजात मान. सतरा वर्षांच्या मुलाला आपण काय देतो? तू जन्मभर एकटा राहा, एवढा निरोप. व्रत घेणं वेगळं आणि शिक्षा भोगणं वेगळं. हा फरक चर्चला समजावून सांगायची गरज नाही, कारण व्रत म्हणजे काय हे त्यालाच सगळ्यांत नीट माहीत आहे.

प्रत्यक्षात होतं काय? आपल्याकडे कुठल्याही धर्मात जे होतं तेच. मुलाचं लग्न लावून देतात. 'लग्न झालं की सुधारेल.'

सुधारत कुणीच नाही. आणखी एक मुलगी मात्र त्यात ओढली जाते. तिने काय पाप केलं होतं? तिच्या बाजूने तर कुणीच पत्रक काढत नाही.

इथे चर्चचा स्वतःचा कायदा फार चांगला आहे, म्हणून तर राग येतो. कॅनन 1103 सांगतो की जबरदस्तीने किंवा मोठ्या भीतीपोटी लागलेलं लग्न हे लग्नच नव्हे. म्हणूनच लग्नाआधी फादर मुला-मुलीला वेगवेगळं बसवतात आणि विचारतात, स्वतःच्या मर्जीने करतो आहेस ना? हा प्रश्न आपल्या इतर किती समाजांत, मुलाला एकट्याला समोर बसवून, विचारला जातो? मला तर दिसत नाही. पण फॉर्म भरायचा म्हणून दोन मिनिटांत विचारला तर त्याला अर्थ काय? दार लावून विचारा. उत्तर काहीही असलं तरी ते या खोलीबाहेर जाणार नाही, असा शब्द देऊन विचारा. एका संध्याकाळी दोन आयुष्यं वाचतील, आणि शिकवणुकीचा काना-मात्रासुद्धा बदलावा लागणार नाही.

आणि कुणी 'प्रार्थनेने बरा करतो' म्हणालं तर त्याला हात जोडून बाहेर काढा. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून काढलं. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये हा आजार नसल्याचं स्पष्ट केलं. आजारच नाही तर बरं काय करणार?

गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स आठवतात? मोठे फॅशन डिझायनर, 2014 चे पद्मश्री, कॅथोलिक आणि उघडपणे समलिंगी. जेरोम मारेल या जोडीदाराबरोबर त्यांनी 2002 मध्ये फ्रान्सच्या कायद्याखाली सहजीवनाचा करार केला. फेब्रुवारी 2020 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या कोलवाळ गावच्या चर्चमधून त्यांना निरोप दिला गेला. गाव लोटलं होतं. चर्च बुडालं नाही, शिकवण वाहून गेली नाही.

पण वेंडेल नामवंत होते. बुऱ्हाणपुरात पॉवरलूमवर राबणाऱ्याच्या मुलाला हाच निरोप मिळेल?

या प्रश्नाला जो 'हो' म्हणेल त्याचं स्वागत खरं. बाकीच्यांच्या स्वागताला तोपर्यंत मी स्वागत म्हणणार नाही.

बिगरख्रिस्ती वाचकांनी एव्हाना मान डोलवायला सुरुवात केली असेल, की बघा, चर्च कसं मागासलेलं! थांबा. कॅथोलिक चर्च निदान भांडतंय तरी. 2014च्या सिनॉडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, समलिंगी माणसांबद्दलच्या परिच्छेदावर रीतसर मतदान झालं. बाजूने 118, विरुद्ध 62. दोन-तृतीयांश मतं भरली नाहीत, तरी पोप फ्रान्सिस यांनी आकडे जगासमोर ठेवले. आपल्या कुठल्या मठात, कुठल्या मदरशात, कुठल्या जातपंचायतीत या विषयावर मतदान झाल्याचं ऐकलंय? 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, तेव्हा किती पेढे वाटले गेले तेही आठवा.

आपल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. पाहुण्याला आपण तो हटकून दाखवतो, आणि दाखवावाच. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी या शहराने एकाच भिंतीवर दोन भाषांना जागा दिली. स्वतःच्याच घरातल्या पोराला जागा देताना त्या शहराला धाप का लागावी?

शिकवण बदलायची की नाही, ते रोम ठरवेल. पहिला परिच्छेद बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला आदराने स्वीकारायचं, त्याच्या प्रेमाला त्याच पानावर विपरीत म्हणणं टिकणारं नाही. पण त्याला पन्नास वर्षं लागोत की शंभर, 2358 आजच लागू आहे. त्यासाठी नवं पत्रक नको, सिनॉड नको, बिशपांची परवानगीही नको. ग्रंथ चर्चचाच आहे.

खंडवा धर्मप्रांतातल्या फादरांना म्हणूनच थेट विनंती आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर तो एक परिच्छेद वाचा. हिंदीत वाचा, मराठीत वाचा, पण मोठ्याने वाचा. मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या आईबापालाही.